हळदीचं मडकं

दवंडीवाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा मी परड्यात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होते. त्यानं डफावर दोन टिपऱ्या हाणल्या आणि सूर लावला, "ऐका हो ऐका! नगरपालिकेनं तरुण मंडळ काढलंय हो! सोळा वर्सांच्या वरल्या पोरापोरींनी जुन्या जकात नाक्यात यायचं हो!"

'पोरां'पर्यंत कुणी लक्ष दिलं नव्हतं. 'पोरींनी' म्हटल्यावर गल्लीतल्या सगळ्या दारांत बायका उभ्या राहिल्या.

माझा थोरला भाऊ ओसरीवर दाढी करत बसला होता. आम्ही त्याला आण्णा म्हणायचो. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून म्हणाला, "नावं गोळा करायचा धंदा हाय हा. कुणी जायचं न्हाई."

आमचं गाव कृष्णाकाठचं. सांगली जवळ, पण सांगलीत राजाचं राज्य, आणि आम्ही इंग्रजांच्या मुलखात, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात. साल शेहेचाळीस. लढाई संपली होती. बेचाळीसपासून उसात आणि डोंगरात राहिलेली माणसं गावात उघड फिरायला लागली होती. मुंबईत लोकांनी निवडून दिलेले मंत्री बसले होते. म्हणजे भीती संपायला हवी होती. पण त्या चार वर्षांत गावाला एक सवय जडली होती. नवा माणूस दिसला की आधी विचारायचं, हा कुणाचा? जुना माणूस गप्प दिसला की विचारायचं, हा गप्प का? आमच्याच गल्लीतल्या एका तेल्याच्या तळपायांवर भूमिगतांनी काठ्या मारल्या होत्या, फितूर म्हणून. तो खरोखर फितूर होता की कुणी जुना दावा साधला, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. तो अजून टाचा उचलून चालायचा आणि त्याच्याकडचं तेल कुणी घ्यायचं नाही. आमचा आण्णा दोन वर्षं उसात भाकऱ्या पोचवत होता. त्याला झोपेतही कुणी नाव विचारलं असतं तरी त्यानं खोटं सांगितलं असतं.

पहिल्या दिवशी जकात नाक्यात कुणीच गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेनं नेमलेला माणूसच घरोघर फिरायला लागला.

हा माणूस माण तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पलटणीत गेला आणि तिथं थोडंफार शिकून नव्या शिपायांना अक्षरं शिकवायच्या कामावर लागला. हवालदार होऊन परत आला होता. गावानं त्याला तेच नाव ठेवलं, हवालदार. तोफेच्या आवाजानं त्याचा डावा कान गेला होता असं तो सांगे. गावाचं म्हणणं, कान चांगला आहे, लोकांनी बेसावध बोलावं म्हणून बहिरेपणाचं सोंग घेतलंय. पोरं त्याच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच शिवी देऊन बघायची. तो वळला नाही की म्हणायची, "पक्का हाय बरं का!"

तो आमच्या घरी आला तेव्हा आप्पा, म्हणजे आमचे वडील, झोपाळ्यावर होते. आण्णानं त्याला बसही म्हटलं नाही.

"तुमाला पगार कोन देतं?" आण्णानं विचारलं.

"नगरपालिका."

"आन नगरपालिकेला?"

हवालदारानं आप्पांकडे बघून हात जोडले. "हे देत्यात. घरपट्टी भरत्यात न्हवं?"

आप्पांना हसू आलं. आण्णाला आलं नाही. "नाव लिवून घेनार काय तुमी?"

"न्हाई. तोंडं वळखली तरी बास हाय मला. पेपर येतील, लेझीम हाय, शिवनयंत्र हाय, जखमा बांधायला शिकवीन. आन आपापसात ठरवाठरवी कशी करायची ती शिकवीन."

"ठरवाठरवी कसली?"

"कुनी काय करायचं, कसं करायचं, ती. उद्या समद्यांना मत मिळनार म्हनत्यात. मग टाकता नगं यायला?"

तेव्हा मत असायचं ते घरपट्टी भरणाऱ्यालाच. आमच्या घरात ते आप्पांना होतं, आणि आप्पा ते कुणाला देतात हे गावाला आधीच माहीत असायचं, कारण उमेदवाराच्या गाडीत बसूनच ते जायचे. मला त्या वेळी मताबद्दल काही वाटलं नाही. मी मराठी सातवी पास होऊन तीन वर्षं घरात बसले होते. मला 'पेपर येतील' एवढंच ऐकू आलं होतं.

आप्पांनी जाऊ दिलं त्याला कारण आमच्या मुलींच्या शाळेतल्या बाई. त्या विधवा होत्या, करड्या शिस्तीच्या, आणि त्या स्वतः मुलींबरोबर तिथं बसणार होत्या. आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, म्हणून मी उन्हं कलायच्या आत परत येणार, अशी अट पडली. आणि आण्णा माझ्याबरोबर येणार, ही दुसरी. तो मंडळात आला तो मला राखायला आणि हवालदारावर नजर ठेवायला. त्यानं हे कुणापासून लपवलंही नाही.

हळूहळू पोरं जमली. मारवाड्याच्या दुकानातले, कोष्टी आळीतले, तालमीतले, मळ्यांतले. मुली आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, एका कोपऱ्यात शिवणयंत्राभोवती. माझ्याशेजारी कोष्टी आळीतली एक मैत्रीण बसायची, फार खिदळायची. सगळे जण पेपर वाचत, लेझीम खेळत, आणि एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत. कुणी नवीन आलं की बोलणं थांबायचं.

हवालदार प्रत्येक गोष्टीला मत घ्यायचा. पेपर मोठ्यानं कुणी वाचायचा? हात वर करा. रविवारी लेझीम की पोहणं? हात वर करा. पण थोड्याच दिवसांत एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली. हात वर करायच्या आधी सगळ्यांचे डोळे एका जागी जायचे. तिथं नगरपालिकेच्या अध्यक्षांचा पुतण्या बसलेला असायचा. चांगला गोरागोमटा, सांगलीला इंग्रजी शिकलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा. त्याचा हात वर गेला की दहा हात वर जायचे. मग काही डोळे तालमीच्या उस्तादाकडे जायचे. हा बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेला, बोलायला कमी आणि मान जाड. त्याचा हात गेला की उरलेले जायचे. आमच्या कोपऱ्यातले हात तर बाईंच्या तोंडाकडे बघून उठायचे.

हवालदार एकदा वैतागून म्हणाला, "आरं, मी तुमचं मत इचारतोय, आन तुमी मला त्याचं सांगताय!"

हिवाळ्यात नगरपालिकेनं ठरवलं की मंडळानं आपला एक प्रतिनिधी निवडावा. त्यानं दर महिन्याच्या सभेला येऊन बसावं, तरुणांचं म्हणणं मांडावं. मत त्याला नाही, फक्त बोलणं. आण्णा घरी येताना म्हणाला, "पुतण्याला बसवायचाय त्यांना. घरचाच मानूस घरात."

हे सगळ्यांनाच वाटत होतं. उस्तादाच्या पोरांनी त्याचं नाव पुढं केलं ते त्यासाठीच. दोन नावं झाली. हवालदारानं विचारलं, "आनि कुनी?" आणि माझी मैत्रीण खिदळत माझं नाव ओरडली. सगळे हसले. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. हवालदार हसला नाही. त्यानं पाटीवर तिसरं नाव लिहिलं आणि मला विचारलं, "तुमची ना न्हाई न्हवं, ताई?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी 'ना' म्हटलं नाही, एवढंच.

हात वर करायचे नाहीत, असं त्यानं जाहीर केलं. खोलीच्या एका टोकाला दोरी बांधून धोतर सोडलं. त्यामागं तीन मडकी ठेवली. पुतण्याच्या मडक्यावर गेरूचा पट्टा, उस्तादाच्या मडक्यावर चुन्याचा, आणि माझ्या मडक्यावर हळदीचा. प्रत्येकाला एक चिंचोका. धोतरामागं जायचं, हव्या त्या मडक्यात टाकायचा आणि यायचं. पोरांनी लगेच कान टवकारले. चिंचोका मडक्यात पडला की वाजणार, आणि भिंतीकडच्या मडक्याचा आवाज वेगळा येणार. हवालदारानं तेही ओळखलं. त्यानं तिन्ही मडक्यांत गव्हाचा भुसा भरला.

झालं! भुसा पाहिल्याबरोबर कुजबुज सुरू झाली. "भुशात आधीच चिंचोकं दडवलं असतील तर?" पुतण्यानं सरळ विचारलं. हवालदारानं न चिडता तिन्ही मडकी सगळ्यांसमोर सुपात उलटी केली, भुसा चाळून दाखवला आणि परत भरला. चिंचोकेही उस्तादाच्या आणि पुतण्याच्या देखत मोजून वाटले. तरीही संशय गेला असं कुणाच्या तोंडावर दिसेना.

मी धोतरामागं गेले. तीन मडकी आणि मी. बाहेर इतकी माणसं, पण आत कुणी नव्हतं. आयुष्यात तोपर्यंत मी एकटी कुठं उभी राहिले होते, ते मला आठवेना. मी उस्तादाच्या मडक्यात चिंचोका टाकला. आण्णा त्याच्या बाजूचा होता म्हणून.

मोजणी झाली आणि हळदीच्या मडक्यातून सगळ्यात जास्त चिंचोके निघाले. मोठ्या फरकानं नव्हे, पण जास्त.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे भुशाकडे बघत होते. आमच्या कोपऱ्यातल्या सगळ्या मुलींनी मला मत दिलं असतं, मी सुद्धा दिलं असतं, तरी एवढे झाले नसते. म्हणजे मुलांनी दिले होते. कुणी?

पुतण्या लाल झाला. "ह्ये बरुबर न्हाई. पुन्यांदा घ्या. हात वर करून घ्या."

"न्हाई," हवालदार म्हणाला. "झाकून दिल्यालं मत उघडं करून मागायचं न्हाई."

"मग कसं कळनार कुनी दिलं ते?"

"कळायचंच न्हाई. त्यासाठीच केलंय."

त्या उत्तरानं कुणाचं समाधान झालं नाही. आणि मग गावात जे सुरू झालं, ते मी कधी विसरले नाही. पुतण्याच्या मित्रांनी एकमेकांना शपथा घातल्या. प्रत्येकानं पुतण्याला शपथेवर सांगितलं की मी तुलाच दिलं. मग चिंचोके कमी कसे? दोघा जिवलग दोस्तांचं त्यावरून बोलणं बंद झालं. तालमीत उस्तादानं कुणाला काही विचारलं नाही, पण त्याच्या पोरांनी एकमेकांना विचारून विचारून हैराण केलं. कोष्टी आळीतल्या एका पोराला केवळ तो लाजाळू आहे म्हणून सगळ्यांनी पकडलं, "तूच असणार!" आणि तो रडायच्या घाईला आला.

मला भेटणाऱ्यांचे दोन प्रकार झाले. काही जण सांगायचे, "मी तुला न्हवतं दिलं हां, उगं गैरसमज नगं." आणि काही जण एकटं गाठून हळूच सांगायचे, "मी दिलंय तुला. ध्यानात ठेव." हे ध्यानात ठेवा म्हणणारे इतके झाले की त्यांची बेरीज मडक्यातल्या चिंचोक्यांच्या पुढं गेली. मी कुणावरच विश्वास ठेवायचं बंद केलं.

आण्णा म्हणाला, "तुजी चेष्टा केल्या कुनीतरी. न्हाईतर पुतण्याच्या टोळीनंच उस्तादाला पाडायला तुला मतं घातली असतील."

"मग पुतण्या कसा पडला?"

त्यावर तो आणखीच धुमसला. त्यानं मला विचारलं नाही की मी कुणाला दिलं. मीही त्याला विचारलं नाही. मला खात्री होती की त्यानं उस्तादाला दिलं. आता इतक्या वर्षांनी ती खात्री तेवढी राहिलेली नाही.

माझा खरा संशय हवालदारावर होता. एक दिवस बाई मुलींना काज करायला शिकवत होत्या, तेवढ्यात मी त्याला ओसरीवर गाठलं. उजव्या बाजूनं.

"तुमीच टाकलेत ना चिंचोके?"

"जेवढं चिंचोकं वाटलं तेवढंच निघालं, ताई. त्या दोघांनी मोजल्यात."

"मग कुनी दिली मला मतं?"

"मला ठावं न्हाई. ठावं असतं तरी सांगितलं नसतं."

"मला काय येतंय म्हनून दिली?"

"त्ये बी त्यांनाच ठावं. तुमी आता सभेला जाऊन काय बोलायचं, तेवढं बघा."

सभेत काय बोलायचं, हे मंडळात ठरवलं. पोरांना तालमीला नवी माती हवी होती, पेपर आणखी हवे होते. आमच्या कोपऱ्यातून मात्र एकच गोष्ट निघाली, तीही दबक्या आवाजात. नदीवरच्या बायकांच्या घाटाची आडभिंत. दोन पावसाळ्यांपूर्वीच्या पुरात ती पडली होती. पुरुषांच्या घाटाच्या पायऱ्या नगरपालिकेनं लगेच बांधल्या. भिंत तशीच राहिली. आंघोळीला, धुण्याला बायकांना उजाडायच्या आत जायला लागायचं, कारण नंतर पलीकडे तालमीतली पोरं पोहायला यायची. ही पोरं समोरच बसली होती. हे ऐकल्यावर त्यांनी माना खाली घातल्या. मत घेतलं, झाकूनच. भिंत पहिली आली.

नगरपालिकेच्या सभागृहात मला दारापाशी एक लाकडी स्टूल दिलं होतं. बाई सोबतीला बाहेरच्या बाकावर. आत पागोटी, काळ्या टोप्या, एक विलायती टोपी. अध्यक्ष मोठे गोड बोलणारे होते. "बोला बोला, काय म्हणते आमची तरुण पिढी?"

मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, "बायकांच्या घाटाला भिंत न्हाई."

मग एका पागोट्यानं विचारलं, "हे तुला बोलायला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. मी रोज तिथंच जाते."

"तुझा भाऊ त्या उसातल्या मंडळींपैकी ना?"

"भाऊ बायकांच्या घाटावर येत न्हाई," मी म्हटलं. दोघे तिघे हसले. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र कमी झालं.

तेवढ्यात पलीकडचा एक सभासद उठला. हा अध्यक्षांचा विरोधक, हे गावाला माहीत होतं. त्यानं माझी बाजू अशी काही उचलून धरली की जणू त्याच्याच घरातल्या बायका तिथं जातात. खरं तर त्याच्या घरी विहीर होती. आयाबहिणींची अब्रू, पुरुषांच्या पायऱ्या आधी का, त्यांचं काम कुणाला दिलं होतं, असं तो एकेक काढायला लागला. मी स्टुलावर बसून ऐकत होते. माझी भिंत बाजूलाच पडली. ते दोघं आपापलं भांडण त्या भिंतीवर घासत होते. अध्यक्षांना वाटत होतं मला विरोधकानं पाठवलं. विरोधकाला वाटत होतं मी आता त्याची. अंधारात घाटावर जाताना पाय घसरून पडलेली आमच्या गल्लीतली एक म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर होती, तिचं नाव घ्यायला मला संधीच मिळाली नाही.

भिंत मंजूर झाली. उन्हाळ्यात बांधली. कमरेएवढी. बायका तिला हसायच्या, म्हणायच्या, "हिच्याआड शेरडू बसलं तर झाकंल." पुढच्या सभेला मी पुन्हा उठले आणि सांगितलं, भिंत बुटकी आहे. अध्यक्ष म्हणाले, "मागितली ती दिली, आता किती मागणार?" मी पुढच्या महिन्याला पुन्हा गेले. त्याच्या पुढच्यालाही. मला भाषण येत नव्हतं, तेच वाक्य येत होतं. शेवटी कंटाळून त्यांनी वर चार थर चढवले. बायका उजाडल्यावर धुणं घेऊन जायला लागल्या. माझ्या आईनं घरी येऊन फक्त एवढंच म्हटलं, "आज उनात धुणं धुतलं बाई." आई कधी कौतुक करायची नाही. ते मी कौतुक समजले.

भिंत झाली त्याच सुमारास अध्यक्ष मंडळात आले. बरोबर पेढे. देशाला स्वातंत्र्य मिळणार हे तोवर नक्की झालं होतं, आणि नगरपालिकेची निवडणूकही तोंडावर होती. अध्यक्षांनी पोरांना शाबासकी दिली, पेपर किती येतात विचारलं, आणि जाताना सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "आता येत्या कामाला तुम्ही सगळे पाठीशी राहाल. घरोघर फिरायला तरणी माणसं लागतात. पालिकेनं तुमच्यासाठी एवढं केलंय, तुम्ही पालिकेसाठी करा."

ते गेल्यावर आण्णा उभा राहिला. वर्षभर पोटात ठेवलेलं तो एका दमात बोलला. "मी पयल्या दिवशी म्हनलं हुतं का न्हाई? मंडळ कशाला काढलं, आता कळलं?" मग हवालदाराकडे वळून, "तुमाला ठावं हुतं का हे?"

मला वाटलं, तो आता डावा कान पुढं करील. त्यानं तसं केलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "नेमनूक देतानाच सांगितलं हुतं मला. पोरं धरून ठेव, निवडनुकीला उपेगी पडतील."

उस्ताद पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी आला असता काय?"

"म्हंजी फसवलं."

"व्हय, फसवलं म्हना. पन मी त्यांना 'व्हय' म्हनलो त्ये पोरं धरून ठेवायला. पोरांनी काय ठरवायचं, त्ये मी कबूल क्येलेलं न्हाई. मडकी तिथं हायेत."

माझ्या मनात त्याच्याबद्दल दोन गोष्टी एकदम आल्या. एक, की आमचा संशय बरोबर होता, आणि हा माणूस इतके दिवस ते पोटात ठेवून आम्हाला लेझीम शिकवत होता. दुसरी, की खोटं बोलणं त्या क्षणी त्याला सोपं होतं आणि तो बोलला नाही. या दोन्हींचा मेळ मला तेव्हा घालता आला नाही.

मत घेतलं. अध्यक्षांचं काम करायचं की नाही. या वेळी भुशावर कुणी शंका काढली नाही. 'नाही'चे चिंचोके जास्त निघाले. पुतण्या उठून गेला. पण मला वाटतं, त्याच्या मित्रांपैकी निम्म्यांनी 'नाही'च टाकलं असणार, कारण नुसत्या आमच्या बाजूच्या मतांनी ते जमलं नसतं. कुणी कुणाला विचारलं नाही. ती सवय तेवढ्यापुरती तरी सुटली होती.

पंधरवड्याच्या आत जकात नाक्याला कुलूप लागलं. इमारत दुरुस्तीला काढली आहे, असं सांगितलं, पण दुरुस्ती करायला कुणी आलं नाही. शिवणयंत्र पालिकेच्या कोठारात गेलं. हवालदाराला काढलं. एस.टी. तेव्हा नव्हतीच, म्हणून जायच्या दिवशी तो बाजारच्या मोटारीची वाट बघत पिंपळाखाली उभा होता. पोरं जमली होती, थोडी लांबच. अजूनही कुणाला नक्की ठरवता आलं नव्हतं, की हा माणूस आपला का त्यांचा. आण्णा मात्र पुढं झाला. त्यानं त्याच्या पिशवीत गुळाची ढेप टाकली आणि खरखरीत आवाजात म्हणाला, "माणात पाऊस न्हाई म्हनत्यात औंदा."

"कवा असतोय?" हवालदार म्हणाला आणि मोटारीत चढला.

त्यानं कधी पत्र पाठवलं नाही. मेंढरांकडे परत गेला असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं मुंबईला गिरणीत लागला. तो खरोखर कसा होता, याबद्दल आण्णाचं आणि माझं पुढं अनेकदा भांडण झालं, आणि दर वेळी आम्ही बाजू बदलून भांडलो.

मंडळ गेलं तशी माझी प्रतिनिधीची जागाही गेली. पुढच्या सभेच्या दिवशी मी घरात होते. चुलीपुढं बसले होते आणि मन सगळं त्या सभागृहात. आप्पांनी ते ओळखलं की काय कोण जाणे. ते म्हणाले, "सभा लोकांना उघडी असते म्हनत्यात. मी कधी गेलो न्हाई. तू म्हनत असलीस तर यीन."

आप्पा आणि मी दोघं गेलो. बाई रस्त्यात भेटल्या, त्याही आल्या. कोष्टी आळीतली मैत्रीण तिच्या आईला घेऊन आली. दाराशी कारकून उभा होता. त्यानं आम्हाला आपादमस्तक बघितलं. "मंडळ बंद झालंय, ताई. तुमाला आता बोलावनं न्हाई."

"ठावं हाय," मी म्हटलं.

"मग कशाला आलाय? कुनी पाठवलंय?"

"कुनी न्हाई. ऐकायला आलोय."

त्यानं आत जाऊन विचारलं, बाहेर आला, पुन्हा आत गेला. आत बरंच बोलणं झालेलं ऐकू आलं. शेवटी तो परत आला आणि बाजूला झाला. सभागृहाच्या मागच्या भिंतीला एक लांब बाक होता. त्यावर जुन्या फायलींची गाठोडी ठेवली होती. आप्पांनी आणि मी ती उचलून खाली ठेवली. बाक पुसला आणि आम्ही सगळे बसलो. पुढच्या रांगेतली पागोटी एकेक करून मागं वळली, आम्हाला बघून परत पुढं झाली, आणि अध्यक्षांनी नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात पहिला विषय वाचायला घेतला.